शर्मन, पण कुणाचा?

टँक माझा आहे, एवढं आधीच सांगून ठेवतो. पुढच्या वादात ते कुणाला आठवत नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात मिक्सरची भांडी आणि तबकडीचे टेलिफोन यांच्या मधे तो ताडपत्रीवर पडला होता. रेडिओवर चालणारा, चिनी बनावटीचा, १/१६ प्रमाणातला अमेरिकन शर्मन रणगाडा. लांबी हातभराहून थोडी कमी. कुणीतरी त्याला ब्रशनं वाळवंटी पिवळा रंग फासलेला. एरियलच्या जागी सायकलच्या चाकाची तार. डाव्या पट्ट्याचा एक दुवा तुटलेला आणि तांब्याच्या तारेनं आवळून बांधलेला. बॅटरीच्या कप्प्यात हिरवट-पांढरा खरबरीत थर. आणि तोफेच्या नळीवर पांढऱ्या रंगानं काढलेली पाच कडी. रिमोट मात्र सोबत होता, ओढून लांब करायच्या एरियलसकट.

दुरुस्तीला दोघं बसले, माझे मामा आणि ताई. मामा खडकीच्या लष्करी वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झाले. पट्ट्यांवर चालणाऱ्या गाड्या उघडायच्या आणि पुन्हा जोडायच्या, यात सगळी नोकरी गेली. ताई जुन्या वस्तूंच्या जतनाचं काम करते. धातू, लाकूड, कधी रंगवलेली खेळणीसुद्धा तिच्या टेबलावर येतात. मला वाटलं होतं, म्हातारा माणूस ‘होता तसा राहू दे’ म्हणेल आणि तरुण मुलगी काहीतरी नवं सुचवेल. झालं नेमकं उलटं.

मामा : पहिलं काम, हा पिवळा उतरवायचा. दुसरं, आतली वायरिंग सगळी काढायची. तिसरं, ही नळी कापायची.

ताई : मामा, हात लावायच्या आधी फोटो काढायचेत.

मामा : काढ. पासपोर्टसाठी पण दोन काढ.

ताई : थट्टा नाही करत. कप्पा एकदा पुसला की पुसला. तो कसा होता हे सांगणारं नंतर काही उरत नाही.

मामा : त्यात सांगण्यासारखं काय? निकेल-कॅडमियमचा पॅक, सहा सेल, ७.२ व्होल्ट. वापरून झाल्यावर तसाच टाकला, गळला. आत पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं. व्हिनेगर घे, नसेल तर लिंबू पीळ. फेस येईल, तो बसला की ओल्या बोळ्यानं पूस आणि पंख्याखाली ठेव. पत्र्याच्या पट्ट्या काळ्या पडल्या असतील तर नव्या लाव.

इथे दोघांचं जमलं. अल्कली थांबत नाही, वायरच्या आवरणाखाली सरकत तांबं खात जाते, हे ताईलाही ठाऊक. फोटो निघाले, लिंबू पिळलं गेलं. मग चार स्क्रू काढून वरचं कवच उचललं तेव्हा आतून सहा मिलिमीटरचे पिवळे प्लास्टिकचे छर्रे टेबलभर घरंगळले. या जातीचे टँक तोफेतून तेच उडवतात. ताईनं ते एकेक करून वेचले आणि झिपच्या पिशवीत भरले.

मामा : ते पण जपणार तू?

ताई : का नाही? कुणीतरी यातून मनसोक्त गोळीबार केलाय. आणि त्याचा हिशेब नळीवर ठेवलाय. ही पाच कडी पाहिलीत ना?

मामा : पाहिली. खऱ्या तोफांवर पण काढायचे तशी. एक टँक मारला की एक कडं.

ताई : म्हणजे त्या मुलाला हे माहीत होतं. कुठेतरी फोटो पाहिला असेल, पुस्तक वाचलं असेल. मग त्यानं पाच ‘शत्रू’ मारले.

मामा : पाच फुलदाण्या मारल्या असतील. आईनं रिमोट काढून घेतला असेल.

ताई : असेल. पण ते या वस्तूबरोबर घडलंय. तुम्ही नळी कापून काय करणार?

मामा : भारतीय शर्मन.

हे मामांच्या मनात टँक पाहिल्यापासून होतं. भारतीय सैन्यात शर्मन बराच काळ राहिला. १९४५ साली ब्रह्मदेशात मेइकटिलाच्या लढाईत डेक्कन हॉर्स शर्मन घेऊनच लढली, आणि वीस वर्षांनी, सप्टेंबर १९६५ मध्ये, पंजाबात असल उत्तरला त्याच रेजिमेंटचे शर्मन पाकिस्तानच्या पॅटनसमोर उभे होते. मधल्या काळात त्यातल्या काहींची तोफ बदलली होती. एएमएक्स-१३ या फ्रेंच हलक्या टँकची ७५ मिलिमीटरची लांब नळीची तोफ शर्मनच्या बुरुजात बसवली गेली. इस्राएलनंही आपल्या शर्मनवर तीच तोफ चढवली होती. मूळ अमेरिकन ७५ मिलिमीटरच्या आखूड नळीशेजारी ती ठेवली तर टँकचा चेहराच बदलतो.

मामा : माझ्या उमेदवारीच्या काळात आमच्या इथे असे जुने लोक होते, ज्यांनी शर्मन हाताळले होते. त्यांच्या तोंडून ऐकलंय. नळी लांब झाली की बुरूज पुढे झुकतो, फिरवायला जड जातो, म्हणून मागे वजन द्यायचं. ते मला करायचंय. बाजारात मिळणारा अमेरिकन शर्मन हजारो घरांत आहे.

ताई : हजारो घरांत पाच कड्यांचा आणि सायकलच्या तारेचा शर्मन नाही. तुम्ही एकमेव वस्तू मोडून एक कल्पनेतली करायला निघालायत. जी आहे ती मूळ अवस्थेत राहू दे.

मामा : मूळ! अगं, शर्मनला मूळ होतं कधी? युद्धात अमेरिकेनं ४९ हजारांवर बनवले. एकात विमानाचं रेडियल इंजिन, दुसऱ्यात जीएमची दोन डिझेलं शेजारी-शेजारी, तिसऱ्यात फोर्डचं व्ही-८. एम४ए४ मध्ये क्रायस्लरनं मोटारगाडीची पाच इंजिनं एकत्र बांधली, ३० सिलिंडरचं धूड. ते मावेना, मग हल, म्हणजे खालचं अंग, लांब केलं आणि पट्ट्याचे दुवे एका बाजूला ७९ होते ते ८३ झाले. कुणाचं अंग ओतीव, कुणाचं पत्रे वेल्ड केलेलं. कारखान्यातून बाहेर पडतानाच दोन शर्मन एकसारखे नव्हते. आणि वर्कशॉपात एकदा आला की विचारूच नकोस. याचा गिअरबॉक्स त्याला, त्याचं चाक याला. गाडी नंबरानं ओळखायची, आतल्या मालानं नाही.

ताई : हे सगळं खऱ्या शर्मनबद्दल झालं. माझ्यासमोर शर्मन नाही, शर्मनचं खेळणं आहे. त्याचा इतिहास मेइकटिलात सुरू होत नाही. चीनमधल्या एका कारखान्यात होतो, आणि मग पुण्यातल्या कुठल्या तरी फ्लॅटच्या हॉलमध्ये चालू राहतो.

हा मुद्दा मला बिनतोड वाटला. मामांना मात्र नाही. ते उठून चहा टाकायला गेले, आणि परत येताना चहाबरोबर बोव्हिंग्टन घेऊन आले.

मामा : इंग्लंडात डॉर्सेटला बोव्हिंग्टनचं टँक म्युझियम आहे. तिथला टायगर १३१ माहितीये? १९४३ मध्ये ट्युनिशियात ब्रिटिशांनी पकडलेला जर्मन टँक. तो ते चालवतात. ‘फ्युरी’ सिनेमात आहे ना, तो तोच.

ताई : आणि त्याचं इंजिन त्याचं नाही, हेच सांगायचंय ना?

मामा : त्याचं एचएल २१० गेलं होतं. म्युझियममधल्या किंग टायगरचं एचएल २३० काढून याला बसवलं. जगात चालता टायगर हा एवढाच. तुझ्या हिशेबानं तो खोटा.

ताई : खोटा नाही. पण तुम्ही अर्धंच सांगताय. ते लोक वर्षातून मोजक्याच वेळा तो बाहेर काढतात, कारण प्रत्येक फेरीत काहीतरी झिजतं आणि झिजलेलं परत येत नाही. शिवाय काय कशातून काढलं, कुठे बसवलं, याची त्यांच्याकडे नोंद आहे. नोंद आहे म्हणूनच तुम्ही इथे बसून मला ते सांगू शकताय. तुम्ही नळी कापाल त्याची नोंद कुठे?

मामा : नोंद मला शिकवू नकोस. वर्कशॉपात भाग सुटला की आधी टॅग, मग कपाट. बिनटॅगचा भाग टेबलावर दिसला तर फोरमन आई-बाप काढायचा.

मला वाटतं वाद इथे सैल झाला. दोघांच्या कामाचे कायदे एकमेकांना इतके परके नाहीत, हे दोघांच्याही लक्षात आलं. अर्थात बोललं कुणी नाही. ताईच्या शास्त्रात नियम असा की जे कराल ते पुन्हा काढता यावं. मामांच्या वर्कशॉपात नियम असा की जे काढाल ते सापडावं. हेतू वेगळे, कपाट एकच.

पण पट्ट्यांवरून पुन्हा पेटलं. मी उसन्या बॅटरीवर टँक चालवून दाखवला. जुना रिसीव्हर जिवंत निघाला. टँक फरशीवर सुसाट सुटला, सतरंजीच्या काठावर चढताना अंगभर थरथरला, उजवीकडे वळला आणि डावा पट्टा उतरला.

ताई : एक दुवा घालू, ताण नीट करू. झालं.

मामा : ताण कुठून करणार? मागचं चाक जागेवर ठोकलेलं आहे, सरकत नाही. मागचं चाक मागे-पुढे होणारं पाहिजे. आणि पट्टे धातूचे पाहिजेत. थरथर पाहिलीस का? खरा टँक कधी थरथरत नाही. ब्रेक लागला की नाक खाली जातं, तिथे क्षणभर थांबतं, मग सावकाश वर येतं. याला ताप आल्यासारखा काय हलतो.

यामागचा हिशेब मनोरंजक आहे म्हणून सांगतो. खरा शर्मन साधारण ३० टनांचा. लांबी, रुंदी, उंची या तिन्ही सोळाव्या हिश्श्यावर आल्या की घनफळ ४०९६ पट कमी होतं. म्हणजे प्रमाणबद्ध मॉडेलचं वजन ७ किलोंच्या थोडं वर हवं. माझा शर्मन साडेतीन किलोसुद्धा भरत नाही. प्लास्टिकची पोकळ पेटी ती. वेगाचंही तसंच. रस्त्यावर ताशी ४० किलोमीटर पळणाऱ्या टँकचा सोळावा हिस्सा म्हणजे ताशी अडीच किलोमीटर, जेवणानंतर शतपावली घालणाऱ्या माणसाहूनही कमी. माझा त्याच्या कितीतरी पट पळत होता. आणि तिसरी अडचण अशी की गुरुत्वाकर्षण काही सोळाव्या हिश्श्यावर येत नाही. लहान वस्तू लवकर पडते, लवकर डुलते, आणि हा फरक प्रमाणाच्या वर्गमुळाइतका असतो. सोळाचं वर्गमूळ चार. खऱ्या टँकचं नाक खाली जाऊन वर यायला दोन सेकंद लागत असतील, तर अगदी प्रमाणबद्ध मॉडेलही ते अर्ध्या सेकंदात उरकेल. डोळा तेवढ्यावरून ‘खेळणं’ म्हणून निकाल देतो. सिनेमात लहान जहाजं बुडवताना कॅमेरा जास्त वेगानं चालवतात आणि दाखवताना संथ दाखवतात, ते याचसाठी.

मामांना वर्गमूळ सांगायची गरज नव्हती. त्यांनी टायरवाल्याकडून चाकं बॅलन्स करायची शिशाची वजनं आणायला सांगितली. स्प्रिंगा तशाच ठेवून वजन दुप्पट केलं की डुलण्याचा काळ सुमारे दीडपट होतो. वजन तळाला, चाकांच्या मधे. वर टाकलं तर उतारावर टँक कलंडेल. धातूचे पट्टे घातले की त्यांचं स्वतःचं ओझं वरच्या बाजूला थोडी झोळ आणतं, आणि ती झोळ पाहूनच माणसाला वाटतं की हे काहीतरी जड आहे.

ताई : आणि वजन वाढलं की?

मामा : वजन वाढलं की प्लास्टिकचे दात जातात. मग स्टीलचा गिअरबॉक्स.

ताई : मग?

मामा : मग दात जात नाहीत, पण मोटर अडकली तर करंट वाढतो. तेव्हा वायर जाड, स्विच चांगला, आणि फ्यूज.

ताई : मग?

मामा : मग पट्टा ओढणारं पुढचं दातेरी चाक धातूचं, नाहीतर धातूचा पट्टा त्याला खातो. आणि आसांना बेअरिंग.

ताई : म्हणजे एका थरथरीपायी सगळा टँक बदलायचा. शेवटी जुनं काय राहणार, नंबरप्लेट?

मामा हसले. त्यांना उत्तर सुचलं नाही असं मला वाटलं, पण ते दुसऱ्याच गोष्टीकडे बघत होते. हलच्या तळाला, गिअरबॉक्स बसतो तिथे, त्यांनी बोट फिरवलं. गिअरबॉक्स चार स्क्रूंवर होता. नव्या स्टीलच्या पेटीला तीच भोकं चालत होती.

मामा : हे बघ. कुठेही नवं भोक पाडायचं नाही, कुठेही कापायचं नाही. जिथे स्क्रू आहे तिथेच बसेल ते बसवायचं. वजनं दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या फोमच्या टेपवर. जुनं सगळं पेटीत, टॅग लावून. तुझ्या मनात आलं की एका दुपारी सगळं उलटं करून देतो. चालेल?

ताई : हे चालेल. टॅग मी लिहिते, तुमचं अक्षर कुणाला लागत नाही.

रेडिओचं काम पटकन उरकलं. जुना संच २७ मेगाहर्ट्झचा. दोघांनी एकाच फ्रीक्वेन्सीवर टँक चालवला तर एकाच्या रिमोटनं दुसऱ्याचा टँक पळतो. आणि आमच्या बोर्डाला तर सावकाश निघणं माहीतच नव्हतं. २.४ गिगाहर्ट्झच्या संचात रिमोट आणि रिसीव्हर एकमेकांना ओळखून बांधले जातात, शेजारी दहा टँक असले तरी गोंधळ होत नाही. नव्या बोर्डावर वेग हळूहळू चढतो, हळूहळू उतरतो, म्हणजे जडपणाचा भास इलेक्ट्रॉनिक्समधूनच येतो. ताईनं जुना बोर्ड, क्रिस्टल आणि लांब एरियल पेटीत घातलं. सायकलची तार मात्र जागेवरच राहील असं तिनं जाहीर केलं, आणि तिच्याशी कोण भांडणार. बॅटरीबद्दल मी लिथियम-पॉलिमर सुचवली. मामांनी विचारलं, दर सेलला तीन व्होल्टच्या खाली गेल्यावर तोडणारं सर्किट आहे का, रात्री चार्जिंगला लावून झोपणार आहेस का, आणि निकेल-मेटल-हायड्राइड आणायला मला तपकीर गल्लीत पाठवलं. धूर काढायचा तेलाचा छोटा हीटर जळून गेलेला होता. तो दोघांनाही नको होता.

रंगाच्या बाबतीत मात्र ताईचंच खरं ठरलं. मामांचा हात थिनरच्या बाटलीकडे गेला होता.

ताई : ठेवा ती खाली! हे एबीएस प्लास्टिक आहे. थिनरनं रंगाबरोबर पत्रासुद्धा उतरेल, म्हणजे प्लास्टिकवर उठवलेली सगळी रिव्हेटं, वेल्डच्या रेघा, सगळं विरघळून गुळगुळीत होईल.

मामा : लोखंडाला काही होत नाही.

ताई : लोखंड कुठाय इथे?

तिनं भिंग लावलं आणि बुरुजाच्या बाजूला, शिडी लावल्यासारख्या उठवलेल्या पट्टीखाली, ब्लेडच्या टोकानं नखाएवढी जागा मोकळी केली. पिवळ्याखाली कारखान्याचा गडद हिरवा निघाला, आणि त्यावर पांढऱ्या ताऱ्याचं एक टोक. मित्रराष्ट्रांच्या गाड्यांवर असायचा तो तारा. त्या मुलानं तो झाकून टाकला होता, आणि घाईघाईत नाही. ताऱ्यावर पिवळ्याचे दोन थर होते, इतरत्र एक.

मामा : आपला टँक करायचा होता त्याला. ‘बॉर्डर’ पाहिला असेल टीव्हीवर. राजस्थान, वाळू, म्हणून पिवळा.

ताई : म्हणजे भारतीय शर्मन करायची कल्पना तुमच्या आधी त्याची आहे.

मामा : आहे खरी. पण पंजाबात शेतं होती गं. ऊस उभा होता, शेतात पाणी सोडलं होतं. पिवळा कुठून?

ताई : त्याच्या असल उत्तरमध्ये ऊस नसेल. तुम्ही हिरवा लावलात तर इतिहास सुधारेल आणि तो मुलगा पुसला जाईल.

मामा : हे बघ, खेळण्यावर पोरानं काय फासलं याचं मला कौतुक आहे. पण मी तीस-पस्तीस वर्षं गाड्यांना हिरवा रंग मारलाय. पिवळा शर्मन माझ्या हातून बाहेर जाणार नाही.

ताई : आणि कडी? कडी माझ्याही पोटात गोळा आणतात, खरं सांगू का. एका शर्मनमध्ये पाच माणसं बसायची. पॅटनमध्ये निदान चार. एक कडं म्हणजे चार माणसं. मुलानं काढली तेव्हा ते खेळणं होतं. तुम्ही डेक्कन हॉर्सचा रंग लावाल, खुणा लावाल आणि कडी तशीच ठेवाल, तर तो हिशेब खरा होईल. तेव्हा तरी विचार करा, कुणाचा हिशेब आहे तो.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “लढाईवरून आलेली गाडी वर्कशॉपात उघडताना आत आधी कोण उतरणार, यावर जुने फिटर कधी चेष्टा करायचे नाहीत. बाकी सगळ्यावर करायचे.” त्यांनी अहिल्यानगरच्या आर्मर्ड कोअर सेंटरमधल्या फामागुस्ताचा विषय काढला. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत ज्या सेंच्युरियनमध्ये होते, तो टँक. पूना हॉर्सचा. खेत्रपालांचा जन्मही पुण्याचा. मामांना तो टँक पाहायला मिळाला तेव्हा, ते म्हणाले, सवयीनं त्यांची नजर आधी पट्ट्याच्या पिनांवर गेली आणि मग त्यांना स्वतःची लाज वाटली.

ताई : म्हणून म्हणते, खरी नावं, खऱ्या खुणा आपल्या टँकवर नकोत.

मामा : नाव मी म्हटलंच नव्हतं. रेजिमेंटची खूण पण नको. फक्त तोफ आणि रंग. तेवढं यंत्राचं आहे, माणसांचं नाही.

या वाक्यावर मी अजून विचार करतो आहे. यंत्राचं वेगळं आणि माणसांचं वेगळं असं रणगाड्यात करता येतं का, मला खात्री नाही. जगभर हजारो लोक हे टँक मैदानात नेऊन लढवतात. इन्फ्रारेडचा झोत सोडायचा, समोरच्यावर लागला की त्याचा टँक हादरतो आणि मंद होत जातो. मॉडेलं बनवणाऱ्या तामिया कंपनीच्या पद्धतीत हलका टँक ३ फटक्यांत, मध्यम ६ मध्ये आणि जड ९ मध्ये बंद पडतो. कुणाला काही इजा नाही, सगळे हसत घरी जातात. यात वाईट काय, असं विचारलं तर मला सांगता येणार नाही. तरी ताईच्या ‘चार माणसं’ नंतर तो आकडा वेगळा वाजतो.

तोडगा निघाला तो शर्मनच्याच रचनेतून. खऱ्या शर्मनच्या बुरुजाखालची रिंग ६९ इंचांची, आणि प्रकार कितीही झाले तरी ती बदलली नाही. म्हणून तर एका प्रकारचा बुरूज दुसऱ्या हलवर चढवता आला आणि जुन्या अंगावर नव्या तोफा बसल्या. आमच्या मॉडेलचाही बुरूज थोडा फिरवून वर उचलला की अख्खा हातात येतो. ताई म्हणाली, दुसरा बुरूज घ्या. त्याला हवी ती नळी लावा, मागे हवं ते वजन द्या, हिरवा करा, काहीही करा. हा, कड्यांचा, पिवळा, असाच राहील. ज्या दिवशी जो चढवायचा तो चढवा.

मामा : आणि हल? खाली पिवळा, वर हिरवा?

ताई : वर्कशॉपात याचा बुरूज त्याला बसवायचात म्हणता ना. तेव्हा रंग जुळायचे?

मामा : रंगवूनच बाहेर पाठवायचो गं!

सुटा बुरूज मागवायचा तर त्याचा आणि टपालाचा खर्च मिळून मी टँकला दिलेल्या पैशांच्या पुढे जात होता. मामा म्हणाले, विकत कशाला, मी करतो. पीव्हीसीच्या पाइपाचा जोड, एम-सील, नळीसाठी ॲल्युमिनियमची ट्यूब. हे सांगताना त्यांचे डोळे ज्या प्रकारे चमकले, त्यावरून माझी अशी शंका आहे की त्यांना सुरुवातीपासून नळी कापायची नव्हतीच; त्यांना काहीतरी घडवायचं होतं आणि कापणं हा त्यातला सगळ्यात सोपा मार्ग होता. फ्रेंच तोफेच्या टोकाला ब्रेक असतो, बाजूंनी वायू सोडणारा. तो लेथवर काढायला त्यांना एक ओळखीचा माणूस आठवला आणि त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला.

हलचा रंग अजून ठरलेला नाही. ताईचं म्हणणं पिवळाच, फक्त धूळ काढून वर मॅट वॉर्निशचा हात. मामांचं म्हणणं, वॉर्निशवर मग पाण्यानं निघणारा हिरवा मारू, सहा महिने हिरवा, सहा महिने पिवळा. ताईनं विचारलं की पाण्यानं निघणारा हिरवा धुताना वॉर्निश टिकेल याची हमी कोण देणार. मामा म्हणाले, आधी एका जुन्या डब्याच्या झाकणावर करून बघू. यावर ती विचारात पडली, म्हणजे जवळजवळ हो म्हणाली.

मी म्हटलं, “मला विचाराल तर हल पिवळाच छान दिसतो. शेवटी टँक माझा...”

“कुणी विचारलं नाही,” मामा म्हणाले. “ते मीटरचं लाल टोक डाव्या मोटरच्या वायरला धर, आणि हलू नकोस.”